विन्सॉक सुरू होत नाही, त्यामागचा इतिहास

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर सॉकेट, म्हणजे प्रोग्रामला नेटवर्कशी जोडणारं टोक, उघडण्याआधी काही तयारी करावी लागत नाही. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीपासून सॉकेट कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, आहेत. विंडोजवर मात्र सॉकेटचं काम विन्सॉक पाहतं; तिथे आधी त्याचं डब्ल्यूएसएस्टार्टअप हे फंक्शन बोलवावं लागतं, आणि ते फसलं की नेटवर्कचं पुढचं सगळं अडतं. हा जादा टप्पा का आला ते कळलं, की बिघाड कुठे शोधायचा हेही कळतं.

विंडोज ३.१ सोबत टीसीपी/आयपी, म्हणजे इंटरनेटच्या नियमांनी बोलणारं सॉफ्टवेअर, येत नसे. ते निरनिराळ्या कंपन्या विकत, आणि प्रत्येकीचा एपीआय, म्हणजे प्रोग्रामने ते वापरायचा ठरलेला मार्ग, वेगळा. १९९१ च्या इंटरॉप या नेटवर्किंगच्या परिषदेत मार्टिन हॉल यांनी सर्वांसाठी एकच एपीआय असावा, असा विचार मांडला. जून १९९२ मध्ये विन्सॉक १.० आलं, जानेवारी १९९३ मध्ये १.१. त्यानंतर जो तो आपली डीएलएल (प्रोग्रामला जोडली जाणारी फंक्शनांची फाइल) विन्सॉक याच नावाने देऊ लागला. टास्मानियातल्या पीटर टॅटम यांचं ट्रम्पेट विन्सॉक त्यातलंच. समोर कुणाची डीएलएल आहे हे प्रोग्रामला ठाऊक नसल्यामुळे आवृत्ती आधी ठरवून घेणं भागच होतं.

इथेच पहिली फसगत होते. मूळ विंडोज ९५ मध्ये विन्सॉक १.१ च होतं. तिथे २.२ मागितलं तरी फंक्शन शून्य, म्हणजे यश, परत करतं. खरी आवृत्ती परत आलेल्या माहितीत असते आणि ती तपासलीच पाहिजे. १००९२ ही त्रुटी मागितलेली आवृत्ती डीएलएलच्या किमान आवृत्तीपेक्षा जुनी असेल तेव्हा येते. शिवाय स्टार्टअप फसल्यावर डब्ल्यूएसएगेटलास्टएररला विचारू नये, परत आलेला आकडा हीच त्रुटी. १००९३ दिसला तर बहुधा स्टार्टअप बोलवायचंच राहिलं आहे.

कधी प्रोग्राम स्टार्टअपपर्यंत पोहोचतही नाही. फ्रीअ‍ॅड्रइन्फो हे फंक्शन विंडोज एक्सपीपासून डीएलएलमध्ये आहे, विंडोज २००० मध्ये नाही. त्याला थेट जोडलेला प्रोग्राम तिथे लोड होतानाच थांबतो, म्हणून असं फंक्शन प्रोग्राम चालू झाल्यावर शोधून घेणं शहाणपणाचं.

विन्सॉक २ मुळे प्रोग्राम आणि नेटवर्क यांच्या मधे आपला थर घालायची सोय झाली. अँटिव्हायरस आणि जाहिराती घुसवणारे प्रोग्राम दोघांनीही ती वापरली. असा थर नीट न काढता प्रोग्राम पुसला की साखळी तुटून इंटरनेट बंद पडे. २००४ मध्ये एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ ने ‘नेटश विन्सॉक रीसेट’ ही आज्ञा दिली. त्याआधी रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातल्या, विन्सॉकच्या नोंदी हाताने पुसून टीसीपी/आयपी पुन्हा बसवावं लागे.