मारिओ, कर्बी, पोकेमॉन: 'लहान मुलांचे' गेम मोठ्यांच्या हाती कसे राहिले?

मारिओला मिशी आहे, कारण १९८१ साली त्याचं तोंड काढायला जागाच नव्हती. 'डाँकी काँग' या आर्केड गेमसाठी शिगेरू मियामोतो यांनी हे पात्र रेखाटलं, तेव्हा त्यांच्या हाती जेमतेम सोळा-सोळा ठिपक्यांचा चौकोन आणि अगदी मोजके रंग होते. एवढ्यात ओठ दिसणार नाहीत, म्हणून नाकाखाली मिशी आली. उडी मारताना केस हलते दाखवणं जमेना, म्हणून टोपी. धावताना हात धडापासून वेगळे उठून दिसावेत, म्हणून डांगरी. १९९२ च्या गेममधल्या कर्बी या पात्राचंही तसंच. मासाहिरो साकुराई यांनी खेळ जमतोय का हे तपासण्यापुरता एक साधा गोळा पडद्यावर ठेवला होता. खरं पात्र नंतर काढायचं होतं, पण गोळाच इतका आवडला की तोच राहिला. हा गेम ज्या हातातल्या यंत्रावर आला त्या गेम बॉयचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा आणि छटा फक्त चार. तिथे गोल, ठसठशीत, मोठ्या डोळ्यांचं काहीतरीच ओळखू येतं.

आज ज्याला आपण 'बालिश दिसणं' म्हणतो, त्याचा उगम बराचसा असा तांत्रिक आहे. 'हे लहान मुलांसाठी' हा शिक्का वेगळ्या ठिकाणाहून आला, दुकानाच्या मांडणीतून. मोठी माणसं हे गेम का खेळतात याचं उत्तर हवं असेल, तर पात्राचं रूप, दुकानातली जागा आणि आतली रचना या तीन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात. त्या एकत्र केल्या की 'या वयात हे काय?' असा प्रश्न निघतो.

१९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडीओ गेमचा बाजार कोसळला. सुमार गेम्सचे ढीग दुकानांत पडून राहिले आणि दुकानदार 'व्हिडीओ गेम' म्हटलं की दार लावू लागले. त्याच वर्षी जुलैत निन्टेंडोने, म्हणजे मारिओच्याच कंपनीने, जपानमध्ये फॅमिकॉम हे यंत्र आणलं होतं आणि ते उत्तम चाललं होतं. अमेरिकेत ते १९८५ मध्ये न्यूयॉर्कपासून उतरवताना कंपनीने वेश बदलला. नाव दिलं 'एंटरटेनमेंट सिस्टिम', ठेवण व्हीसीआरसारखी केली आणि सोबत रॉब नावाचा छोटा यंत्रमानव दिला. रॉबबरोबर खेळता येणारे गेम दोनच निघाले. त्याचं खरं काम वेगळं होतं: हे खेळणं आहे असं दुकानदाराला वाटावं. युक्ती चालली, यंत्र खेळण्यांच्या फळीवर पोचलं आणि पुढची अनेक वर्षं तिथेच बसलं.

त्या वेशांतराची एक किंमत यंत्रालाही मोजावी लागली. गेमची कॅसेट व्हीसीआरसारखी समोरून आत सरकवून खाली दाबायची रचना ठेवल्यामुळे आतल्या ७२ पिनांचा जोड वापराने सैल पडे. संपर्क तुटला की कॅसेट अस्सल आहे का हे तपासणाऱ्या सुरक्षा-चिपला हवी ती खूण मिळत नसे आणि ती सेकंदाला एकदा यंत्र पुन्हा सुरू करत राही. दिवा लुकलुके, पडदाही लुकलुके. लोक कॅसेट काढून फुंकत. फुंकल्याने नव्हे, तर काढून पुन्हा लावल्याने पिना नीट बसत. फुंकरेतला ओलावा उलट पिना गंजवतो. स्वच्छ करायचं तर कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्टी पुसावी आणि पूर्ण वाळल्यावरच कॅसेट लावावी. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी आलेल्या 'टीव्ही गेम'मध्ये, म्हणजे फॅमिकॉमच्या नकलांमध्ये, कॅसेट वरून लागे आणि ती चिपही नसे. फुंकायची सवय मात्र इथेही तीच होती.

प्रतिस्पर्धी कंपनी सेगाने १९९० च्या आसपास निन्टेंडोच्या या खेळणेपणावरच थेट हल्ला चढवला: आमचं यंत्र मोठ्या मुलांचं, त्यांचं बच्च्यांचं. सप्टेंबर १९९३ मध्ये मारामारीचा 'मॉर्टल कॉम्बॅट' घरगुती यंत्रांवर आला. सेगाच्या जेनेसिसवर बटणांचा एक सांकेतिक क्रम दाबला की रक्त दिसे. निन्टेंडोच्या आवृत्तीत रक्ताऐवजी करडा घाम होता. सेगाची आवृत्ती जास्त खपली. त्या डिसेंबरात अमेरिकी सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या आणि १९९४ मध्ये वयानुसार श्रेणी देणारं मंडळ, ईएसआरबी, उभं राहिलं.

या मंडळाचे पहिले शिक्के पाहण्यासारखे आहेत. अगदी चिमुकल्यांच्या, अक्षरओळख वगैरे शिकवणाऱ्या गेम्ससाठी 'ईसी' हा स्वतंत्र शिक्का होता. मारिओ, कर्बी यांसारख्यांना 'के-ए' मिळे, म्हणजे 'मुलांपासून मोठ्यांपर्यंत'. १९९८ मध्ये तो बदलून 'ई', म्हणजे 'सर्वांसाठी', झाला. युरोपात पुढे ३ हा आकडा आला, जपानमध्ये 'ए' हे अक्षर. हे शिक्के एवढंच सांगतात की आत रक्तपात, शिवीगाळ, नग्नता किंवा जुगार नाही. गेम किती अवघड आहे किंवा कोणाला आवडेल, याचं मोजमाप त्यात नसतं. डब्यावरचा ३ वाचून 'तीन वर्षांच्या मुलासाठी' असा अर्थ लावणारे पालक हमखास फसतात. वाचता न येणाऱ्या मुलाला पोकेमॉनमध्ये पुढे सरकताच येत नाही.

तरी कंपन्यांनाही लाज वाटू लागली होती. जपानी डब्यावर हसणारा कर्बी २००२ नंतरच्या कित्येक अमेरिकी डब्यांवर भुवया ताणून रागावलेला दिसतो. पात्र तेच, गेम तोच, नुसत्या भुवया बदललेल्या. निन्टेंडोच्याच 'झेल्डा' या साहसी मालिकेचं प्रकरण जास्त बोलकं आहे. ऑगस्ट २००० मध्ये निन्टेंडोने वास्तवदर्शी तलवारयुद्धाची झलक दाखवली. वर्षभराने प्रत्यक्ष 'विंड वेकर' समोर आला तो व्यंगचित्रासारखा, मोठ्या डोळ्यांच्या लिंक या नायकाचा. किशोरवयीन चाहते खवळले आणि २००६ चा 'ट्वायलाइट प्रिन्सेस' पुन्हा काळपट, गंभीर झाला. आज दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत. ठळक रेषा आणि सपाट रंग असलेला 'विंड वेकर' अजून ताजा दिसतो. त्या काळी मोठ्यांचा म्हणून गाजलेला वास्तवपणाच आता धूसर वाटतो.

आता रचनेकडे, कारण खरा ऐवज तिथेच आहे.

काल्पनिक प्राणी पकडून लढवायच्या पोकेमॉनचे पहिले दोन गेम २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये आले. त्यांचे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करायचा छंद होता. दोन गेम बॉय जोडणाऱ्या तारेतून प्राण्यांची देवघेव व्हावी, ही कल्पना त्यातून निघाली. वरवर पाहता ही सोपी गोष्ट आहे: पाणी आगीला हरवतं, आग गवताला, गवत पाण्याला. त्याखाली आकड्यांचा एक थर आहे, तो मुलांना दिसतही नाही. २००२ पासून प्रत्येक प्राण्याच्या सहा गुणांना (तब्येत, हल्ला, वेग वगैरे) जन्मजात ० ते ३१ असा आकडा मिळतो. त्यावर स्वभाव २५. त्यातले २० एक गुण दहा टक्क्यांनी वाढवून दुसरा तितकाच कमी करतात, उरलेल्या पाचांचा परिणाम शून्य. आणि लढून कमवायची मेहनत एकूण ५१०, एका गुणासाठी आज कमाल २५२.

हा २५२ कुठून येतो ते स्पर्धा खेळणाऱ्याला पाठ असतं. स्पर्धेत सगळे प्राणी ५० व्या पातळीवर धरले जातात. जन्मजात ३१ असतील तर तिथे गुणाचा आकडा ४ मेहनतीला पहिल्यांदा एकने वाढतो आणि पुढे प्रत्येक ८ ला एकने. ४ अधिक ३१ गुणिले ८ म्हणजे बरोबर २५२, आणि आकडा ३२ ने वाढतो. दोन गुण पूर्ण भरले की ६ उरतात. त्यातले ४ तिसऱ्यात घालायचे, २ वाया. नवखे इथेच चुकतात. वाटेत दिसेल त्याच्याशी लढत राहिलं की नको त्या गुणांत मेहनत साचते. नव्या गेम्समध्ये अनुभव सगळ्या संघाला वाटला जातो, त्यामुळे बाजूला बसलेला प्राणीही बिघडतो. दुरुस्तीला बेरी आहेत, एका बेरीने एका गुणातले १० कमी होतात: टमाटो वेगासाठी, केल्प्सी हल्ल्यासाठी. मग मेहनत वाढवणाऱ्या औषधाच्या बाटल्या. २०१९ पासून त्या शेवटपर्यंत चालतात, शून्यापासून २५२ ला २६ लागतात. कधी मुद्दाम वेग शून्य हवा असतो, कारण 'ट्रिक रूम' या चालीत सर्वांत मंद प्राणी आधी चालतो. प्रत्येक फटक्याचा जोर ८५ ते १०० टक्क्यांमधल्या १६ पायऱ्यांपैकी एखादी असतो, म्हणून खेळाडू 'सोळापैकी चौदा वेळा मरतो' अशा भाषेत बोलतात.

२०१४ ची जागतिक स्पर्धा वॉशिंग्टनमध्ये झाली. मोठ्यांच्या गटात दक्षिण कोरियाचा सेजुन पार्क जिंकला आणि त्याच्या संघात होती पाचिरिसू, पांढरी-निळी खार, जिला कोणी गंभीरपणे घेत नसे. तिची निवड हिशोबी होती. त्याच्या संघातला ग्याराडोस हा प्राणी पाणी-उड्डाण जातीचा, विजेचा फटका त्याला चौपट लागतो. पाचिरिसू शत्रूचे हल्ले स्वतःकडे ओढून घेते, आणि तिच्या अंगी वीज शोषायचा गुण असल्याने वीज लागली तर तिची तब्येत उलट सुधारते. शिवाय एका चालीने समोरच्याचं उरलेलं बळ निम्मं होतं, दुसरीने तो हमखास लुळा पडतो. दिसायला सर्वांत गोंडस प्राणी त्या संघाची ढाल होता.

आपल्याकडे पोकेमॉन आधी मालिका म्हणून आला, २००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर. निन्टेंडोची यंत्रं इथे सहज मिळत नसल्याने गेम अनेकांनी नंतर संगणकावर पाहिला. ती मुलं आज तिशीत आहेत. जुलै २०१६ मध्ये जगभर पसरलेला, फोन हाती घेऊन फिरत खेळायचा पोकेमॉन गो भारतात अधिकृतपणे त्याच डिसेंबरात, जिओच्या साथीने आला, तेव्हा रस्त्यावर उतरलेल्यांत नोकरदार भरपूर होते. चालून अंडी उबवणं हा प्रकार तब्येतीच्या सल्ल्याशीही छान जुळला.

गावात घर करून राहायचा 'ॲनिमल क्रॉसिंग' हा गेम तर मोठ्या माणसाच्या गरजेतूनच जन्मला. त्याचे रचनाकार कात्सुया एगुची चिबा सोडून क्योतोला निन्टेंडोत नोकरीला गेले आणि घरची माणसं, शेजारपाजार यांना मुकले. शिवाय घरी उशिरा पोचायचं, तोवर घरच्यांचा खेळ चालू झालेला. म्हणून एकाच गावात घरातल्या प्रत्येकाने आपापल्या वेळी यावं, दुसऱ्यासाठी चिठ्ठी किंवा वस्तू ठेवावी, अशी रचना त्यांनी केली. १४ एप्रिल २००१ च्या पहिल्या आवृत्तीच्या कॅसेटमध्येच घड्याळ होतं. बाहेर रात्र झाली की आतही रात्र.

याच मालिकेतल्या, २० मार्च २०२० ला आलेल्या 'न्यू होरायझन्स'मध्ये घरासाठीची कर्जं ९८,००० बेल्सपासून (हे तिथलं चलन) २४,९८,००० पर्यंत चढत जातात, एकूण ५६,९६,०००. व्याज नाही, मुदत नाही. प्रौढ माणसाला हे स्वप्नवत वाटलं तर नवल नाही. पैसा करायचा मुख्य मार्ग सलगमचा सट्टा. खरेदी रविवारी पहाटे ५ ते दुपारी १२ या वेळात ९० ते ११० बेल्सना एक, दहाच्या जुडीत. विक्री सोमवार ते शनिवार, भाव दिवसातून दोनदा, सकाळी आठला आणि दुपारी बाराला. म्हणजे आठवड्याचे बारा भाव. चाहत्यांनी कोड उलगडून चार नमुने शोधले: उतरत जाणारा, वरखाली होणारा, छोटी उसळी (खरेदीच्या दुपटीपर्यंत) आणि मोठी उसळी (सहापटीपर्यंत, कमाल ६६०). मोठ्या उसळीत भाव चढू लागला की तिसऱ्या टप्प्याला शिखर येतं. पहिल्या चढावर विकणाऱ्याचं तिथे नुकसान होतं, आणि शनिवारी रात्री दहाला दुकान बंद झाल्यावर येणाऱ्याचं सगळंच. पुढच्या रविवारी माल सडतो. सलगम कपाटात ठेवता येत नाही, जमिनीवर मांडावं लागतं. आणि यंत्राचं घड्याळ मागे केलं, तर सगळं सडतं.

दरम्यान निन्टेंडोचा सूर बदलला होता. कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांच्या काळात २००५ मध्ये डीएस या हातातल्या यंत्रावर मेंदूच्या व्यायामाचा गेम आला आणि आजी-आजोबांनी तो विकत घेतला. ऑक्टोबर २०१६ मध्ये स्विच या नव्या यंत्राची पहिली जाहिरात झळकली, तिच्यात लहान मुलं जवळपास नव्हतीच. विमानतळावर, गच्चीवर, मैदानावर खेळणारे तरुण होते.

मोठ्यांना हे गेम कधी कंटाळवाणे वाटतात, तेही खरं. पोकेमॉनच्या सुरुवातीचे तास-दोन तास हात धरून शिकवण्यात जातात आणि मुख्य मालिकेत काठिण्य निवडायची सोय जवळपास नाही. 'ब्लॅक २'मध्ये ती होती, पण गेम संपवल्यावरच उघडे. म्हणून २०१० पासून खेळाडूंनी स्वतःच नियम घातले, त्याला नझलॉक म्हणतात: प्रत्येक भागात पहिला दिसेल तोच प्राणी पकडायचा, आणि बेशुद्ध पडला तो मेला असं समजून कायमचा सोडायचा. पहिला प्रयत्न सहसा तिसऱ्या-चौथ्या जिमजवळ (जिम म्हणजे वाटेतला मोठा सामना) संपतो, कारण लोक लाडक्या एकाच प्राण्यावर सगळा अनुभव ओततात. सहाही जण दोन-तीन पातळ्यांच्या अंतरात ठेवावेत.

मारिओत ही अडचण कमी आहे. तिथे सोपं आणि अवघड एकाच डब्यात, पण वेगवेगळ्या जागी ठेवलेलं असतं. २००९ च्या 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी'मध्ये एका लेव्हलमध्ये आठदा मेलं की हिरवा ठोकळा दिसतो आणि तो फोडला की मारिओचा भाऊ लुइजी ती लेव्हल स्वतः खेळून दाखवतो. २०१७ च्या 'ओडिसी'त मदतीचा मोड लावला की तीनऐवजी सहा हृदयं मिळतात आणि दरीत पडलेला मारिओ बुडबुड्यातून परत येतो. लहान मूल याच आधारावर कथा संपवतं. मोठ्याने मात्र हा मोड बंद ठेवावा आणि श्रेयनामावलीनंतर थांबू नये. गेममध्ये गोळा करायचे २५० चंद्र जमले की चंद्रावरची काळी बाजू उघडते, ५०० ला त्याहूनही काळी. ती शेवटची शर्यत बरीच लांब आहे आणि मेल्यावर जिथून पुन्हा सुरू करता येईल असा मध्ये एकही झेंडा नाही. शेवटच्या पावलाला घसरलात तरी सुरुवात पहिल्यापासून.