मुंग्या हातात, पण नस दबलीय कुठे? मानेत की मनगटात?

रात्री दोन-अडीचला हात बधिर होऊन जाग येते. अंगठ्यात आणि शेजारच्या दोन बोटांत मुंग्या. हात झटकला की थोड्या वेळात बरं वाटतं. असं सांगणाऱ्याच्या गळ्यात मानेचा पट्टा दिसला की मला वाईट वाटतं, कारण हे दुखणं बहुतेकदा मनगटाचं असतं.

गोंधळ होणं साहजिक आहे. मानेतून निघणाऱ्या नसांपैकी सहावीचा पसारा अंगठा-तर्जनीपर्यंत येतो, सातवीचा मधल्या बोटापर्यंत. मनगटातून जाणारी मीडियन नसही हीच बोटं सांभाळते. ती ज्या बोगद्यातून जाते, त्या कार्पल टनेलमध्ये तिच्यासोबत बोटं वाकवणाऱ्या स्नायूंचे 9 दोर (टेंडन) दाटीवाटीने बसलेले असतात. जरा सूज आली की नस चेपते. गरोदरपण, मधुमेह, थायरॉइडची कमतरता यांत हे जास्त दिसतं.

मग ओळखायचं कसं? मी आधी अनामिका बघायला सांगेन. कापसाचा बोळा तिच्या दोन्ही कडांवरून हलकेच फिरवा. मधल्या बोटाकडची कड बधिर आणि करंगळीकडची शाबूत असेल, तर संशय मनगटावर. मानेच्या दुखण्यात एकाच बोटाची अशी उभी वाटणी सहसा होत नाही. अंगठ्याखालच्या मांसल उंचवट्याची संवेदनाही मनगटाच्या त्रासात टिकून राहते, कारण तिथली शाखा बोगद्याच्या आधीच फुटलेली असते.

मानेची कळ मात्र वरून येते: मान, खांद्याची पात, दंड, मग खाली. त्याच बाजूला मान वळवून वर पाहिलं की ती वाढते, आणि हात डोक्यावर ठेवला की अनेकांना आराम पडतो. सातवी नस दबली असेल तर कोपर सरळ करून दार ढकलताना जोर कमी पडतो.

उपचारांच्या वाटा इथेच फुटतात. मनगटासाठी रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट, गरज पडल्यास स्टेरॉइडचं इंजेक्शन. बधिरपणा कायमचा झाला किंवा अंगठ्याचा उंचवटा सपाट दिसू लागला, तर बोगद्यावरचा पट्टा कापून नस मोकळी करतात. त्यात चालढकल नको. मानेचं दुखणं बहुतेकांना वेदनाशामकं, हालचाल आणि फिजिओथेरपीने 6 ते 12 आठवड्यांत निवळतं. मानेचा पट्टा लागलाच तर थोडे दिवस.

फक्त एमआरआयवर निदान ठरवू नका. काहीही दुखत नसलेल्या चाळिशीपुढच्या माणसाच्या मानेतही मणक्यांमधली सरकलेली चकती सर्रास दिसते. शंका असेल तेव्हा नसांच्या वहनाची तपासणी उपयोगी पडते. आणि हो, दोन्ही त्रास एकाच हातात असू शकतात.

शर्टाची बटणं लावता येईनात, चालताना तोल जाऊ लागला, लघवीवरचा ताबा सुटला, तर मज्जारज्जूच दबत असेल; त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हातदुखीसोबत छातीत दडपण आणि घाम असेल तर मान-मनगटाचा विचारच नको, थेट इमर्जन्सी विभागात जा.