बंप स्टॉक हा घटनादत्त हक्क? कोर्ट असं म्हणालंच नाही

'अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने बंप स्टॉक हा घटनादत्त हक्क ठरवला' हे अजून बिनदिक्कत फिरतंय. साफ चूक. बंप स्टॉक म्हणजे बंदुकीला लावायचा असा दस्ता, की ती झपाट्याने गोळ्या झाडते. १४ जून २०२४ च्या गार्लंड विरुद्ध कारगिल निकालात शस्त्र बाळगण्याचा हक्क देणाऱ्या दुसऱ्या घटनादुरुस्तीचा प्रश्नच नव्हता. वाद होता १९३४ च्या कायद्यातल्या मशीनगनच्या व्याख्येचा: ट्रिगरच्या एकाच क्रियेत आपोआप एकाहून जास्त गोळ्या. बंप स्टॉक लावला की बंदूक धक्क्याने मागेपुढे सरकते आणि ट्रिगर स्थिर बोटावर दर गोळीला नव्याने आपटतो. म्हणून ६ विरुद्ध ३ मतांनी ठरलं, ही मशीनगन नव्हे. बंप स्टॉक वापरून झालेल्या लास वेगासच्या हत्याकांडानंतर एटीएफने (शस्त्रांवर देखरेख ठेवणारी केंद्रीय संस्था) काढलेला बंदीचा नियम अधिकाराबाहेरचा. (शब्दांचा कीस काढलाय खरा!) न्यायमूर्ती अलिटोंनी तर वेगळं लिहून सांगितलंय, की संसद कायदा बदलू शकते. कॅलिफोर्नियाची स्वतःची बंदीही या निकालाने उठलेली नाही.