सहा बॉम्ब, एकही चाचणी नाही

अण्वस्त्रं स्वतः बनवून मग स्वतःच मोडीत काढणारा देश आजवर एकच झाला: दक्षिण आफ्रिका. युक्रेन, कझाकस्तान, बेलारूस यांनीही ती सोडली, पण ती सोव्हिएत संघाकडून वारशात आलेली.

बॉम्बमधलं खरं अवघड काम म्हणजे युरेनियम समृद्ध करणं. खाणीतल्या युरेनियममध्ये कामाचं युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के, बॉम्बला हवं ९० टक्क्यांच्या आसपास. प्रिटोरियाजवळ पेलिंडाबाच्या परिसरात युरेनियमचा वायू हायड्रोजनमध्ये मिसळून नळ्यांत भोवऱ्यासारखा फिरवत. जड रेणू कडेला जात, हलके वेगळे काढता येत. पद्धत विजेची खादाड, पण घरची.

पुढचं तुलनेने सोपं. बंदुकीतून गोळी झाडावी तसा युरेनियमचा एक तुकडा दुसऱ्यावर आदळवायचा. हिरोशिमावरचा बॉम्ब असाच होता आणि चाचणी न घेताच टाकला होता. (आपल्या १९७४च्या पोखरण स्फोटाला ही वाट बंद होती. ट्रॉम्बेच्या सायरस अणुभट्टीतलं ते प्लुटोनियम. त्याचा गोळा चहूबाजूंनी एकाच क्षणी दाबावा लागतो.) १९७७ साली सोव्हिएत उपग्रहाने कलहारी वाळवंटातली चाचणीची तयारी टिपली आणि बेत बारगळला, तरी दक्षिण आफ्रिकेचे बंदुकीच्या पद्धतीचे बॉम्ब चाचणीवाचूनच बनत राहिले.

पण टाकायचे कुणावर? अंगोलात क्यूबाचं सैन्य उतरलेलं, वर्णभेदामुळे जगाने देशाला वाळीत टाकलेलं. ठरलं होतं असं: अगदीच गळ्याशी आलं तर बॉम्ब असल्याचं आधी अमेरिकेच्या कानावर घालायचं, तेवढ्याने भागलं नाही तर उघड चाचणी करायची. शत्रूपेक्षा मित्राला घाबरवून मदतीला बोलावणारं हे अस्त्र!

१९८८च्या करारानुसार क्यूबाचं सैन्य परतू लागलं, पुढच्या वर्षी डी क्लर्क दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. आता बॉम्ब म्हणजे जगात परतण्याच्या वाटेतली धोंड. उद्याच्या कृष्णवर्णीय सरकारच्या हाती ते पडू नयेत, हाही हिशेब असावा. मला तो नाकारता येत नाही. सहा तयार आणि सातवा अर्धवट, सगळे सुटे करून युरेनियम वितळवलं. १९९१मध्ये देशाने अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही केली. संसदेला मात्र हे सारं कळलं मार्च १९९३मध्ये.

त्यातलं काही युरेनियम पुढे सफारी-१ अणुभट्टीत वैद्यकीय तपासण्यांसाठी लागणारं मॉलिब्डेनम-९९ बनवायला वापरलं गेलं.