रंग सोडायचा निर्णय : आजच्या कृष्णधवल चित्रपटांमागची पार्श्वभूमी

मराठवाड्यात शॉर्ट फिल्म करणाऱ्या अनेक मुलांना दुष्काळाचा विषय हाती घेतला की कृष्णधवलाची ओढ वाटते. रंग का काढले असं विचारलं तर ‘विषय गंभीर होता’ हे उत्तर मिळतं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. रंग हाताशी असताना तो सोडायचा, ही प्रथा कशी रुजली ते पाहिलं की उणीव लक्षात येते.

१९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हा प्रश्न मुख्यतः पैशांचा होता. आपल्याकडे रंगीत कच्ची फिल्म परदेशातून यायची आणि महाग पडायची. तिकडे अमेरिकेत टीव्ही रंगीत झाला आणि कृष्णधवल चित्रपट टीव्हीला विकणं अवघड होऊन बसलं. १९६६ च्या चित्रपटांनंतर ऑस्करमधला कृष्णधवल छायालेखनाचा वेगळा पुरस्कारही बंद झाला. भारतात १९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं. रंग असा सगळीकडे रुळत गेला तसं कृष्णधवल करणाऱ्याला कारण सांगावं लागू लागलं. १९८० सालचा ‘रेजिंग बुल’ हा अमेरिकी मुष्टियुद्धपट कृष्णधवल करण्यामागचं एक कारण अगदी व्यवहारी होतं : तेव्हाच्या रंगीत फिल्मचे रंग काही वर्षांत विटायचे आणि त्या दिग्दर्शकाला त्याची मनापासून चिंता होती.

खरा वाद मात्र रंग कधी सोडायचा, चित्रीकरणाआधी की नंतर, याचा आहे. ‘शिंडलर्स लिस्ट’ (१९९३) करताना स्टुडिओचं म्हणणं होतं की चित्रीकरण रंगीत निगेटिव्हवर करा, म्हणजे पुढे व्हिडिओ बाजारासाठी रंगीत आवृत्ती काढता येईल. दिग्दर्शकाने नकार दिला आणि बहुतांश चित्रपट कृष्णधवल फिल्मवरच टिपला. छायालेखनाचं ऑस्कर त्याला मिळालं. वेगळा पुरस्कार बंद झाल्यावर हा मान मिळवणारा तो पहिला कृष्णधवल चित्रपट. स्टुडिओचा आग्रह मात्र तिथे संपला नाही. २००१ च्या ‘द मॅन हू वॉजन्ट देअर’चं चित्रीकरण रंगीत निगेटिव्हवर झालं आणि प्रिंट कृष्णधवल काढली. २०१३ च्या ‘नेब्रास्का’च्या करारातच काही बाजारांसाठी रंगीत आवृत्तीची अट होती. तो डिजिटल कॅमेऱ्यावर रंगीत टिपला गेला, रंग नंतर काढले, वर फिल्मवर दिसतो तसा बारीक खरखरीत दाणाही चढवला.

याला तडजोड म्हणायचं का? माझ्या मते म्हणायचं, पण दोष तंत्राचा नाही. ‘रोमा’ (२०१८) हाही रंगीत सेन्सरवरच, म्हणजे डिजिटल कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चकतीवरच, टिपलेला आहे. रंगांची माहिती शाबूत असेल तर ग्रेडिंग करताना, म्हणजे चित्रीकरणानंतर छटा जुळवताना, निळा गडद करता येतो, लाल उजळवता येतो, त्वचेची छटा हवी तिथे आणता येते. उलट २०१९ च्या ‘द लाइटहाउस’मध्ये जुन्या पद्धतीच्या कृष्णधवल फिल्मवर खास फिल्टर लावून लाल प्रकाश जवळजवळ अडवला. त्यामुळे चेहऱ्यावरचा प्रत्येक डाग, प्रत्येक सुरकुती उठून दिसते. त्यासाठी सेटवर प्रचंड प्रकाश लागला आणि ते नंतर बदलणं शक्य नव्हतं. ‘मँक’ (२०२०) तर रंग ओळखूच न शकणाऱ्या सेन्सरवर चित्रित झाला. अशा सेन्सरवर रंगांच्या बारीक गाळण्या नसतात, म्हणून तो जास्त प्रकाश घेतो आणि तपशील अधिक धारदार देतो. ‘रोमा’ची वाट आणि या दोघांची वाट वेगळी, पण तिन्ही ठिकाणी पहिला दिवा लागण्याआधीच चित्रपट कृष्णधवल ठरलेला होता.

आपल्याकडे गाडं अडतं ते इथेच. रंगीत नजरेने चित्रीकरण करायचं आणि एडिटिंगच्या वेळी रंग शून्यावर आणायचे, याने लाल पटका आणि हिरवं लुगडं एकाच करड्या रंगाचे होऊन बसतात. काळ्या रानातलं हिरवं पीक रानातच बुडून जातं. भिंत, कपडे, माती यांच्या छटा आधी पारखाव्या लागतात. आकाश गडद दिसावं म्हणून लाल फिल्टर वापरायचा सल्ला सर्रास दिला जातो. पाऊस उघडल्यानंतरच्या ऑक्टोबरच्या निळ्या आकाशावर तो चालतो. मे महिन्यातल्या आपल्या धुळकट, पांढुरक्या आकाशावर त्याचा फारसा उपयोग नाही, कारण गडद करायला तिथे निळा रंगच नसतो. दुष्काळाचं चित्रीकरण नेमकं त्याच महिन्यात होतं, आणि फिल्टर लावूनही आकाश कोऱ्या कागदासारखं का दिसतं याचा उलगडा होत नाही.

रंग वजा केले की काय उरतं हे बघायला आपल्याला लांब जायची गरज नाही. निजाम राजवटीत अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचे जे मोठे ग्रंथ १९३० पासून निघू लागले, त्यांत रंगीत आणि एकरंगी अशा दोन्ही प्रतिकृती जाणीवपूर्वक छापल्या. एकरंगी पानावर नजर रेषेवर जाते, बोटांच्या वळणावर थांबते. कृष्णधवल चित्रीकरण शिकणाऱ्याने ती पानं जरूर पाहावीत. वेरूळच्या कैलास लेण्यात दिवसभर बसून उन्हाची तिरीप बेसाल्टवर कशी सरकते हेही पाहावं. दगड तिथे जवळपास एकाच रंगाचा, आकार दिसतो तो सावलीमुळे.

आता साध्या कॅमेऱ्यावरही मॉनिटर कृष्णधवल ठेवता येतो. रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची माहिती प्रक्रिया न करता जशीच्या तशी साठवून, चित्रीकरण केलं तर आत रंग शिल्लक राहतात. साध्या व्हिडिओ फाइलमध्ये मोनोक्रोम मोड लावला तर ते कायमचे जातात. लातूर-बीडच्या मुलांना माझं सांगणं आहे की एकदा तरी हा दुसरा मार्ग घ्या. रंग परत मिळणार नाही हे ठाऊक असलं की लोकेशन पाहतानाच हिरवं लुगडं बदलायला सांगितलं जातं.