ऑपरेशन क्लोज पास

सायकलस्वाराच्या अंगाला जवळजवळ घासून गाडी पुढे काढणाऱ्या चालकाला जागेवरच अडवण्याची ब्रिटिश पोलिसांची कार्यपद्धती. इंग्लंडमधील वेस्ट मिडलंड्स पोलीस दलाने ती सप्टेंबर २०१६ मध्ये बर्मिंगहॅम परिसरात सुरू केली. मोहिमेचे जाहीर नाव ‘गिव्ह स्पेस, बी सेफ’ असे होते, पण रूढ झाले ते ऑपरेशन क्लोज पास. आपल्याकडे ‘कट मारून गेला’ असे ज्याबद्दल चिडून सांगितले जाते, तोच हा प्रकार. धडक बसत नाही, ओरखडाही उठत नाही, त्यामुळे तक्रारीला पुरावा उरत नाही. सायकलस्वार मात्र त्या वाऱ्याच्या झोताने हादरतो, आणि असे चार-सहा वेळा झाले की पुष्कळ जण सायकल जिन्याखाली लावून टाकतात.

पार्श्वभूमी

या पद्धतीमागे दलाच्या वाहतूक शाखेतील एक अगदी छोटे पथक होते. मार्क हॉडसन आणि स्टीव्ह हडसन हे त्यातले दोन शिपाई, दोघेही सायकल चालवणारे. सायकलस्वारांना होणाऱ्या अपघातांवर पोलिसांचा नेहमीचा उपाय म्हणजे सायकलस्वारांनाच थांबवणे: दिवा का नाही, सिग्नल का तोडलास, चमकणारे जाकीट का घातले नाहीस. या पथकाने आपल्या हद्दीतील गंभीर अपघातांच्या नोंदी काढून बघितल्या. बरेचसे अपघात चौकात किंवा गल्लीच्या तोंडाशी झालेले होते आणि चालकाला समोरून येणारा सायकलस्वार ‘दिसलाच नव्हता’. रस्ता मोकळा, उजेड स्वच्छ, तरी दिसला नाही, कारण चालकाची नजर मोटारींना शोधत होती.

यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष सरळ होता. सायकलस्वारांवर कारवाई करून हे अपघात कमी होणार नाहीत. चालकाला सायकल शोधायची सवय लागली, तरच ती त्याला दिसेल. मग चौकातल्या अपघातांसाठी ओव्हरटेकवर कारवाई का? कारण ओव्हरटेक करताना केलेली चूक पकडता येते. चौकात न बघणे हे अपघात होईपर्यंत कुणालाच दिसत नाही. घासून जाणे मात्र दर सकाळी, ठरावीक रस्त्यावर, हमखास घडते. या सायकलवर पोलीस असू शकतो अशी शंका एकदा मनात बसली की चालक प्रत्येक सायकलकडे बघू लागतो, चौकातसुद्धा. मोहिमेची सगळी मदार या शंकेवर आहे.

प्रत्यक्ष कारवाई

साध्या वेशातला पोलीस सायकलवरून वर्दळीच्या रस्त्याने जात राहतो. हँडलवर कॅमेरा, अंगात रेडिओ. एखादी गाडी फार जवळून गेली की तो तिचे वर्णन आणि नंबर पुढे कळवतो. थोड्या अंतरावर उभा असलेला गणवेशातला सहकारी ती गाडी बाजूला घेतो. चालकाची चूक पहिलीच असेल आणि फार धोक्याची नसेल, तर त्याला दोन पर्याय दिले जातात: इथेच सुमारे पंधरा मिनिटे समजून घ्यायचे किंवा खटल्याला सामोरे जायचे. बहुतेक जण अर्थातच समजून घेणे पसंत करतात. ज्याची आधीची चूक नोंदलेली आहे किंवा ज्याचे चालवणे ऐकून घेण्याच्या पलीकडचे आहे, त्याला हा पर्याय मिळत नाही.

समजावण्यासाठी एक मोठी चटई जमिनीवर अंथरतात. तिच्यावर रस्ता, फुटपाथची कड, सायकल आणि ओव्हरटेक करणारी गाडी प्रमाणशीर छापलेली असते. सायकल कडेपासून ७५ सेंटिमीटरवर आणि तिथून पुढे दीड मीटर मोकळी जागा. कडेला चेंबरची झाकणे, काचा, पाणी असते आणि उभ्या मोटारींची दारे अचानक उघडतात, म्हणून सायकलस्वार कडेला चिकटून चालत नाही, हे चालकाला चटईवर उभे करून दाखवले जाते. याच वेळी त्याची नजरही तपासली जाते. ब्रिटनमध्ये २० मीटरवरची नंबर प्लेट वाचता येणे ही वाहनचालकाची किमान अट आहे.

चटईवरचे गणित एकदा स्वतः मांडून बघण्यासारखे आहे. सायकल कडेपासून पाऊण मीटरवर, तिचे हँडल आणखी तीसेक सेंटिमीटर बाहेर, त्यापुढे दीड मीटर, मग मोटारीची पावणेदोन-दोन मीटर रुंदी. बेरीज सव्वाचार मीटरच्या वर जाते. शहरातली एक लेन सहसा तीन-साडेतीन मीटरची असते. म्हणजे सायकल आणि मोटार एकाच लेनमध्ये शेजारी-शेजारी मावतच नाहीत. समोरून गाडी येत असताना ‘थोडी जागा आहे, निघून जाऊ’ हा हिशेब दर वेळी चुकतो. ओव्हरटेक करायचा तर पलीकडच्या लेनमध्ये जायलाच हवे, आणि ती मोकळी नसेल तर मागे थांबायला हवे. दोन सायकली शेजारी-शेजारी चालल्या तरी चालकाचे यात फारसे नुकसान होत नाही, कारण लेन त्याला तशीही ओलांडायचीच असते. उलट ओव्हरटेकची लांबी कमी होते. ही गोष्ट मोटार चालवणाऱ्या कुणालाही पटवणे सगळ्यात अवघड.

कायद्याची बाजू

‘क्लोज पास’ नावाचा वेगळा गुन्हा ब्रिटिश कायद्यात नाही. कारवाई होते ती रोड ट्रॅफिक अॅक्ट १९८८ च्या कलम ३ खाली, निष्काळजीपणे किंवा इतरांचा विचार न करता गाडी चालवल्याबद्दल. सक्षम, सावध चालकाकडून अपेक्षित असलेल्या दर्जापेक्षा चालवणे खाली होते का, एवढाच प्रश्न न्यायालयापुढे असतो. त्यामुळे पोलिसाला अंतर मोजून सिद्ध करावे लागत नाही. त्याची साक्ष आणि चित्रण पुरते. २०१३ पासून किरकोळ प्रकरणांत १०० पौंड दंड आणि परवान्यावर ३ दंडगुण जागेवर देण्याची सोय आहे. न्यायालयात गेल्यास दंडगुण ३ ते ९ पर्यंत असू शकतात. तीन वर्षांत १२ गुण झाले की सहसा परवाना काही काळ जातो, नवशिक्याचा तर पहिल्या दोन वर्षांत ६ गुणांवरच.

मोहीम सुरू झाली तेव्हा हायवे कोड या ब्रिटनच्या रस्ता-नियमावलीत अंतराचा आकडा नव्हता. सायकलस्वाराला निदान मोटारीइतकी जागा द्या, असा मोघम सल्ला होता. २९ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या सुधारणेत नियम १६३ मध्ये ताशी ३० मैलांपर्यंत किमान १.५ मीटर आणि त्याहून अधिक वेगाला जास्त, असे स्पष्ट आले. रस्त्यावर जो जास्त इजा करू शकतो त्याची जबाबदारी जास्त, हे तत्त्वही तेव्हाच कोडमध्ये शिरले. कोडमधील असा सल्ला मोडणे हा आपोआप गुन्हा ठरत नाही, पण निष्काळजीपणा ठरवताना न्यायालय त्याचा आधार घेऊ शकते. म्हणजे बर्मिंगहॅमच्या पोलिसांनी चटईवर जे दीड मीटर छापले, ते नियमावलीत पाच वर्षांहून जास्त काळाने आले.

नागरिकांचे चित्रण

पोलीस सगळीकडे सायकल घेऊन फिरू शकत नाहीत. म्हणून वेस्ट मिडलंड्सने सुरुवातीपासूनच सायकलस्वारांनी स्वतः टिपलेले चित्रणही पुरावा म्हणून घेतले. वेल्समध्ये ‘ऑपरेशन स्नॅप’ या नावाने अशीच व्यवस्था उभी राहिली आणि नंतर इंग्लंडमधील अनेक दलांनी ती स्वीकारली. गाडीच्या नोंदणीकृत मालकावर १४ दिवसांच्या आत नोटीस बजावावी लागते, त्यामुळे चित्रण लवकर पाठवण्याला महत्त्व आहे. चालवत कोण होते हे सांगणे मालकावर बंधनकारक आहे. न सांगितल्यास त्यालाच ६ गुण, म्हणजे मूळ चुकीच्या किमान शिक्षेच्या दुप्पट. स्कॉटलंडमध्ये गुन्ह्याला दोन स्वतंत्र पुरावे लागतात. तिथे एकट्या सायकलस्वाराच्या तोंडी तक्रारीवर काही होणे कठीण, आणि कॅमेऱ्याची गरज आणखी जास्त.

मोहीम इतर दलांत पसरली तीही नागरिकांच्याच मदतीने. ‘सायकलिंग यूके’ या संघटनेने २०१६ च्या अखेरीस लोकवर्गणी काढून इतर पोलीस दलांना चटया पुरवायला सुरुवात केली. २०१७ मध्ये स्कॉटलंडच्या पोलिसांनी एडिंबरामध्ये याच धर्तीवर कारवाई सुरू केली.

संशोधन काय सांगते

चालक किती अंतर सोडतात, यावर तेव्हा बाथ विद्यापीठात असलेले मानसशास्त्रज्ञ इयन वॉकर यांचे काम सर्वाधिक चर्चेत राहिले. सायकलला अल्ट्रासॉनिक सेन्सर लावून ते स्वतः रस्त्यावर उतरले आणि २,३०० हून अधिक ओव्हरटेक मोजले. त्या काळात एकदा बसने आणि एकदा ट्रकने त्यांना धडकही दिली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार हेल्मेट घातले असता गाड्या सरासरी साडेआठ सेंटिमीटर जवळून गेल्या. मागून स्त्री वाटावी म्हणून लांब केसांचा टोप घातला तेव्हा चालकांनी सरासरी १४ सेंटिमीटर जास्त जागा सोडली. हेल्मेटच्या निष्कर्षावर पुढे इतर संशोधकांनी आक्षेप घेतले आणि तो वाद पुरता मिटलेला नाही.

पोलिसांच्या दृष्टीने वॉकर यांचा नंतरचा प्रयोग अधिक महत्त्वाचा. त्यात सात वेगवेगळे पोशाख वापरले होते: शर्यतीच्या कपड्यांपासून चमकदार जाकिटापर्यंत, ‘नवशिका’ असे लिहिलेल्यापर्यंत. फरक पडला तो एकाच पोशाखाने, ज्याच्या पाठीवर पोलीस आणि कॅमेरा यांचा उल्लेख होता. तोही सरासरी पाचेक सेंटिमीटरचाच. शिवाय एक ते दोन टक्के चालक पोशाख कोणताही असो, ५० सेंटिमीटरच्या आत येऊन गेले. ‘चमकदार कपडे घाला’ या वर्षानुवर्षांच्या उपदेशाला यातून आधार मिळत नाही. साध्या वेशातल्या पोलिसाच्या कल्पनेला मिळतो.

लंडनमधील वेस्टमिन्स्टर विद्यापीठाच्या रेचेल ऑल्ड्रेड यांनी थोडक्यात टळलेल्या प्रसंगांचा अभ्यास केला. ताशी ८ मैलांहून हळू जाणाऱ्यांना १२ मैलांहून वेगाने जाणाऱ्यांच्या तुलनेत दर मैलामागे सुमारे तिप्पट असे प्रसंग आले. स्त्रियांचा सरासरी वेग कमी, म्हणून त्यांच्या वाट्याला ते जास्त. अपघातांच्या सरकारी आकड्यांत हे काहीच उमटत नाही.

परिणाम आणि मर्यादा

मोहिमेच्या पहिल्या वर्षात सायकलस्वारांचे मृत्यू आणि गंभीर दुखापती सुमारे २० टक्क्यांनी घटल्याचे वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी सांगितले. हा आकडा सर्वत्र उद्धृत होतो, पण तो जपून वापरावा. एका दलाच्या हद्दीतील वार्षिक संख्या लहान असते आणि एका वर्षात ती तशीही वरखाली होते. चालकांच्या वागण्यात बदल झाला असे पथकाला वाटत होते, आणि ते खरेही असेल. मात्र एका वर्षाच्या आकड्याने ते सिद्ध होत नाही.

मोटारचालकांचा छळ चालला आहे, ही टीका अपेक्षित होती आणि झाली. अधिक वजनदार आक्षेप सायकलच्या बाजूने आला: कारवाई पथकातील माणसांवर अवलंबून राहते, ती माणसे बदलली की उत्साह ओसरतो, आणि रस्ता होता तसाच राहतो. यावर वेगळी सायकल मार्गिका हाच उपाय सुचवला जातो. पण मार्गिका कसली? मेलबर्नमध्ये मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी १८,५०० हून अधिक ओव्हरटेक मोजले, तेव्हा नुसता रंगाचा पट्टा असलेल्या रस्त्यांवर गाड्या अधिक जवळून गेल्याचे दिसले. पट्ट्याशेजारी मोटारी उभ्या असतील तर सुमारे ४० सेंटिमीटरने जवळून. पट्टा दिसला की चालक आपल्या लेनपुरते बघतो आणि शेजारच्याची काळजी पट्ट्यावर सोपवतो. कठड्याने वेगळी केलेली मार्गिका हा निराळा विषय.

अन्य देश

ठरावीक अंतराचा कायदा ब्रिटनचा शोध नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने १९७३ मध्येच तीन फुटांचा नियम केला. टेनेसीतील चॅटनूगा शहराच्या पोलिसांनी सायकलला अंतरमापक यंत्र लावून तिथल्या तीन फुटांच्या नियमाची अंमलबजावणी करून पाहिली. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडने २०१४ मध्ये ताशी ६० किलोमीटरपर्यंत १ मीटर आणि त्यापुढे दीड मीटर असा नियम आणला. जर्मनीत २०२० पासून शहरात दीड आणि शहराबाहेर दोन मीटर हे बंधनकारक आहे. आयर्लंडने २०१९ मध्ये अंतराचा आकडा न घालता सायकलस्वाराला धोकादायक रीतीने ओव्हरटेक करणे हाच वेगळा गुन्हा ठरवला.

भारतातील स्थिती

ब्रिटनप्रमाणेच भारतातही वाहतूक डावीकडून चालते, त्यामुळे चटईवरचे चित्र पुण्या-मुंबईच्या रस्त्याला उलटे न करता लागू पडते. फक्त कडेला फुटपाथऐवजी उभ्या रिक्षा, वाळूचे ढीग आणि उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकी रंगवाव्या लागतील. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८४ मध्ये धोकादायक वाहनचालनाची शिक्षा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्याच्या स्पष्टीकरणात कायद्याविरुद्ध रीतीने ओव्हरटेक करण्याचा उल्लेख आला. पहिल्या गुन्ह्याला १ ते ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. त्या कलमात मीटरचा आकडा नाही. पण बर्मिंगहॅममध्ये मोहीम सुरू झाली तेव्हा तिथल्या हायवे कोडमध्येही तो नव्हता, आणि कलम ३ मध्ये आजही नाही. त्या पथकाला लागल्या त्या दोन सायकली, कॅमेरे, एक चटई आणि घासून जाणे हा गुन्हा मानायची तयारी. आपल्या चौकाचौकांतल्या ई-चलान कॅमेऱ्यांना सिग्नल तोडणे, हेल्मेट नसणे आणि नंबर प्लेट दिसते. दोन चौकांच्या मधल्या रस्त्यावर बसने सायकलस्वारापासून किती अंतर ठेवले, हे त्यांच्या कक्षेत येत नाही.