सालीतून बाहेर पडणाऱ्यांची नोंद

खानापूर तालुक्यातील जुन्या काजूच्या बागेत बुंध्याशी वाकून पाहिले, की एखाद्या झाडाच्या भेगांतून गळणारा डिंक आणि त्याला चिकटलेला तांबूस भुसा दिसतो. खोडकिड्याच्या अळीने आतून बाहेर ढकललेला तो चोथा असतो. मादी बुंध्याच्या खालच्या मीटरभर भागात आणि उघड्या मुळांवर, सालीच्या भेगांत अंडी घालते; अळी सालीखालचा रसवाहक थर कित्येक महिने खाते आणि अखेर लाकडात चुनखडीसारख्या कठीण कवचात कोष करते. भुशावरून अळीचा मुक्काम कळतो, तिचा भुंगेरा होऊन तो बाहेर पडण्याचा दिवस मात्र कळत नाही, आणि पुढच्या झाडाचे रक्षण त्याच दिवसावर अवलंबून असते.

तो दिवस कळावा म्हणून बुंध्यालाच जाळी गुंडाळतात. रात्री दिव्यावर आलेला भुंगेरा कोणत्या झाडातून आला हे सांगता येत नाही; जाळीत सापडलेला मात्र त्याच सालीतून निघालेला असतो. जाळी खोडापासून चार बोटे दूर राहील अशी काड्यांवर ताणावी, दोन्ही टोके स्पंज आणि दोरीने घट्ट आवळावीत आणि वरच्या कडेला पारदर्शक बाटली बसवावी. बाहेर पडलेले बहुतेक कीटक वर आणि उजेडाकडे सरकतात, म्हणून बाटलीत जमतात. तळाशी साबणाचे पाणी असले, की पाण्याचा पृष्ठताण कमी होऊन ते लगेच बुडतात. मोठ्या शिंगाळ्या भुंगेऱ्यांचे जबडे कापड कुरतडतात, तेव्हा तिथे तारेचीच जाळी हवी. खाली ग्रीसचा पट्टा न दिल्यास मुंग्या आतले कीटक फस्त करतात. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात बाटलीवर छप्परही लागते. आंब्याचा भिरूड, म्हणजे त्याचे खोड पोखरणारा शिंगाळा भुंगेरा, पावसाळ्याच्या सुरुवातीस बाहेर पडत असल्याने हे सारे मृगाआधी बांधून व्हायला हवे.

सालीवरची छिद्रेही न्याहाळावीत. चकचकीत रत्नभुंगेऱ्याचे छिद्र एका बाजूने सपाट, अर्धवर्तुळाकार असते. सालभुंगेऱ्याचे टाचणीच्या टोकाएवढे गोल.

मला सर्वांत मोलाच्या वाटतात त्या बाटलीत मिळणाऱ्या बारीक गांधीलमाश्या. त्यांपैकी काहींची मादी सुईसारखी नळी सालीतून आत घालून अळीवर अंडे घालते, आणि तिची पिल्ले त्या अळीवरच वाढतात. वाळक्या आंब्याच्या फांदीवरील बाटलीत अशा माश्या भुंगेऱ्यांहून अधिक निघाल्या, तर त्या फांदीवर फवारणी करणे मी टाळतो.